वकिलाविना कौटुंबिक न्यायालयात

माझ्या पुतणीविरुद्ध तिच्या पतीने वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल केला, तेव्हा ती शहापुरास माहेरी राहत होती. "काका, वकिलाची फी परवडणारी नाही. मी स्वतःच उभी राहिले तर?" तिने विचारले. घरातील वडीलधाऱ्यांना ही कल्पना रुचली नाही. वस्तुतः 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे तेथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. पती-पत्नींनी आपले म्हणणे स्वतः मांडावे आणि न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, हा त्यामागील हेतू.

जैनांना हिंदू विवाह कायदा लागू होतो की नाही, अशी शंका एका आप्ताने काढली. फेब्रुवारी 2025 मध्ये इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने तसा प्रश्न उपस्थित केला होता खरा, परंतु मार्चमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. 1955 च्या मूळ कायद्यातच जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे त्यातील कलम 24 खाली तिने अंतरिम पोटगी मागितली.

खरे काम होते ते शपथपत्राचे. नागपूरच्या एका प्रकरणात अंतरिम पोटगीचा अर्ज सात वर्षे रेंगाळला, तेव्हा 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र बंधनकारक केले. हे तर आमच्या बँकेतले नित्याचे काम! चार रविवार आम्ही ओसरीवर कागद लावत बसलो. मुलाची शाळेची फी, औषधांची बिले, विम्याचे हप्ते, पासबुकातील नोंदी, सारे तारखेप्रमाणे. व्यापारी घरांतील सुनांना दुकानाची मिळकत सहसा ठाऊक नसते, आणि विवरणपत्रात ती तुटपुंजी दिसते. मात्र कर्ज मागताना सधन असणारा मनुष्य पोटगीच्या वेळी निर्धन होतो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. गृहकर्जात पुतणी सहकर्जदार होती. अर्जाची प्रत तिच्यापाशी निघाली. त्यात पतीने लिहिलेले मासिक उत्पन्न शपथपत्रातील आकड्याच्या जवळजवळ तिप्पट होते.

तारखेच्या दिवशी आसनगावहून पहाटेची लोकल. समुपदेशकांपुढे ती मोकळेपणी बोलली; न्यायाधीशांपुढे मी तिला एवढेच सांगितले होते, "तारखा आणि रकमा सांग. सासूबाईंचा स्वभाव विचारल्याखेरीज काढू नकोस." तिने तो कर्जाचा अर्ज पुढे केला आणि अंतरिम पोटगी मंजूर झाली.

उलटतपासणी मात्र एकटीने पेलण्याजोगी नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पतीने परवानगी घेऊन वकील दिला होता. तेव्हा 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तिने विनामूल्य वकील मागितला. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. त्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत कागदांची फाइल मागितली. ती तयारच होती. दावा अजून चालू आहे; पोटगी दरमहा खात्यात जमा होते.