खालचा सूर

दिवाळी आली की आमच्या घरी चिंच दोन ठिकाणी भिजत पडते. एक स्वयंपाकघरात, आईच्या समयांसाठी. आणि दुसरी अंगणात, अण्णांच्या बेससाठी. बेस म्हणजे बँडमधले सर्वांत मोठे पितळी वाद्य. वाजवणारा त्याला कडेवरच्या दांडग्या पोरासारखे सांभाळीत चालतो, आणि त्याच्या भल्यामोठ्या तोंडात खडा टाकता येतो का, याचा अंदाज घेत वरातीतली पोरे मागेमागे धावतात.

शिरूर अनंतपाळ हे आमचे गाव. आज ते लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. माझ्या लहानपणी नव्हते. पण गावाला बँड होता, आणि त्यात अण्णांनी बत्तीस वर्षे बेस वाजवला. घरची जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. आम्ही दोघे भाऊ वाढलो ते लग्नाच्या सुपाऱ्यांवर. असे असूनही शाळेच्या, महाविद्यालयाच्या, शिष्यवृत्तीच्या प्रत्येक अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या शब्दांपुढे मी एकच शब्द लिहीत आलो : शेती. ते खोटे नव्हते; पण दोन एकरांच्या आड बत्तीस वर्षे लपवण्याइतका मी हुशार होतो. हा पुढे मराठीचा प्राध्यापक होणार, हे कुणीतरी तेव्हाच ओळखायला हवे होते!

लाज कशाची, असे वाचक विचारतील. ज्यांच्यावाचून नवरदेवाचे पाऊल मारुतीच्या देवळाकडे पडत नसे, ते बँडवाले पंगतीला मात्र सर्वांत शेवटी बसत, तेही मांडवाबाहेर. बँडमध्येही पुन्हा उतरंड होतीच. नाव व्हायचे ते क्लॅरनेटवाल्याचे, नोटा ओवाळल्या जायच्या त्या त्याच्यावरून. बेसवाल्याने आपले खालचे दोन-चार सूर धरून चालायचे. चौदाव्या वर्षी अण्णांनी मला ते शिकवले आणि दोन उन्हाळे मी वाजवलेही. पुढे शिकायला लातूरला गेलो. सुट्टीत निलंग्याच्या एका वरातीत समोर एक वर्गमित्र दिसला, आणि मी बेसच्या आड तोंड लपवले. त्या वाद्याचा हाही उपयोग होतो, हे त्या दिवशी कळले. त्यानंतर मी ते ओठाला लावले नाही. अण्णांनी कारण विचारले नाही. ते विचारते, तर बरे झाले असते.

तर गोष्ट गेल्या दिवाळीची. थोरला भाऊ बरीच वर्षे अमेरिकेत आहे. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा तिथल्या शाळेच्या बँडमध्ये, योगायोग पाहा, हेच वाद्य वाजवतो. तिकडे त्याला ट्यूबा म्हणतात. त्याने आजोबांना फोनवर एक नवलाची हकीकत सांगितली. विल्यम बेल नावाचे ट्यूबाचे एक थोर वादक नाताळच्या दिवशी, १९०२ साली जन्मले. ते गेल्यावर हार्वी फिलिप्स या त्यांच्या शिष्याने २२ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये सुमारे तीनशे वादक जमवले. सगळे ट्यूबा आणि युफोनियमवाले. ना क्लॅरनेट, ना ट्रंपेट. त्यांनी नुसत्या खालच्या सुरांत नाताळची गाणी वाजवली. तेव्हापासून गावोगाव नाताळात असे मेळे भरतात, आणि शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत ज्याच्याजवळ वाद्य आहे तो जाऊन बसतो. नातूही बसला होता.

"आजोबा, तुमच्याकडे दिवाळीत असं करतात का?" त्याने विचारले.

"आपल्याकडं नुसते बेसवाले जमले, तर लोक म्हणतील, बँड कुठंय?" असे म्हणून अण्णा हसले. पण त्या रात्री ते उशिरापर्यंत जागे होते, आणि सकाळी त्यांनी मला चार नावे देऊन फोन लावायला सांगितले.

दिवाळी ही बँडवाल्यांच्या सवडीची वेळ. सुपाऱ्या सुरू होतात त्या तुळशीचे लग्न लागल्यावर. सोयाबीनही घरात येऊन पडलेले असते. पाडव्याच्या सकाळी नळेगाव, देवणी, निलंगा अशा तीन दिशांनी चौघे आले. दोघांकडे युफोनियम होते. तिसऱ्याने आपला बेस सोयाबीनच्या पोत्यात बांधून आणला होता. चौथा रिकाम्या हाताने आला. त्याच्या बँडात कॅसिओ आला, आणि त्याच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या बेसचे काम करू लागल्या. तेव्हा पहिली गरज संपली ती याची. वाद्य मोडीत गेले. पण वाद्याच्या नळीत बसवून ओठाला लावायची पितळी वाटी तेवढी त्याने ठेवून घेतली होती. खिशातून ती काढून त्याने धोतराच्या सोग्याने पुसली.

मी आदल्या रात्री थोडे वाचून ठेवले होते. प्राध्यापकाला गप्प बसवत नाही. म्हणालो, ट्यूबाचे पेटंट १८३५ साली बर्लिनमध्ये घेतले गेले. मोठ्या ट्यूबाची वेटोळी सरळ केली तर अठरा फुटांची नळी होते, आणि युफोनियमची नऊ फुटांची. आणि युफोनियम हे नाव ग्रीक आहे. त्याचा अर्थ सुस्वर, गोड आवाजाचा.

"मग आमाला भोंगेवाले का म्हनतेत?" नळेगावकरांनी विचारले. याचे उत्तर माझ्या वाचनात आले नव्हते.

वाजवायला सुरुवात झाली आणि खरी अडचण पुढे आली. वरातीचे एक गाणे धरले. जो तो आपापले खालचे सूर इमानाने वाजवू लागला. सगळे तालात, सगळे सुरात. फक्त गाणे कुठेच नव्हते! ते आजवर दुसऱ्याच कुणी वाजवलेले. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय करलालाव रे? कुणाची म्हैस अडली म्हनायची?"

सगळे हसले, अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "आरती घ्या. गणपतीची आरती तरी समद्यांना येती. युफोनियमनं चाल धरायची, बेसनं खाली ऱ्हायचं." मग त्यांनी आपला बेस माझ्या मांडीवर ठेवला. "माझा दम पुरत नाही आता. तू धर. चुकलास तरी चालंल, पन मधी थांबू नको. खालचा थांबला की वरचा पडतो."

मी चुकलो. तीनदा चुकलो, पण थांबलो नाही. ओठ बधिर झाले, कानशिले तापली. हळूहळू आरती उभी राहिली. जाडसर, संथ आवाजाची. आणि एक गोष्ट मला प्रथमच कळली. बँडच्या गोंगाटात माणसाला बोलायचे तरी ओरडावे लागते. पण युफोनियमची पट्टी बाप्या माणसांच्या गळ्याचीच. दारात जमलेले लोक नकळत गाऊ लागले. काकूही टाळ्या वाजवीत होत्या.

दुसऱ्या खेपेला मी बेस त्या रिकाम्या हातांच्या पाहुण्याकडे दिला. त्यांनी अण्णांची वाटी काढून स्वतःची बसवली. पुढे तासभर त्यांनी तो बेस खाली ठेवला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

दुपारी आधी त्या चौघांची पंगत बसली, घरात, पाटावर. आईने आग्रह करकरून वाढले. आम्ही मागून जेवलो.

सुट्टी संपता संपता माझी मुलगी वही घेऊन आली. शाळेत आजोबांवर निबंध लिहायचा होता.

"बाबा, आजोबा काय करायचे म्हणून लिहू?"

"बेस वाजवायचे, असं लिही."

"आणि शेती?"

"तीही करायचे," मी म्हणालो, "सवड मिळेल तशी."