पळसाला पानं शून्य

'कुठंही जा, पळसाला पानं तीनच' ही म्हण ज्या कुणा पूर्वजाने काढली, तो गृहस्थ पळसाखाली गेला तो बहुधा दिवाळीच्या सुमारास. फेब्रुवारीत गेला असता तर ही म्हण जन्मालाच आली नसती. कारण फेब्रुवारीत फुलावर आलेल्या पळसाला तीन सोडा, बहुतेक वेळा एकही पान नसतं. असतात ती नुसती फुलं. केशरी, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार आणि इतकी, की लांबून पाहणाऱ्याने आगीच्या बंबाला फोन करावा. संस्कृतातल्या मंडळींनी मात्र हे झाड फुलावर असताना पाहिलं असावं, म्हणून त्यांनी त्याला 'किंशुक' म्हटलं. म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?'

तरीही आपली म्हण पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती तपासायला फेब्रुवारीत कुणी गेलंच नाही. जाणार कसं? फेब्रुवारीत मध्यमवर्गीय मराठी माणसाला सवड नसते. मुलांच्या परीक्षा असतात, कुणाच्या तरी मेव्हणीचं लग्न असतं, इन्कमटॅक्सची कागदपत्रं कुठल्या पिशवीत ठेवली यावरून घरात मतभेद असतात. त्यातून तो माणूस बँकेत कारकून असला, तर फेब्रुवारी हा त्याला महिना वाटतच नाही. मार्चच्या दारातलं ते पायपुसणं असतं.

मला हे ज्ञान झालं ते आमच्या सोसायटीतल्या मास्तरांमुळे. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आता ते सोसायटीला शिकवतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. शाखा म्हटलं की मला बँकेची आठवते, पान म्हटलं की लेजरचं किंवा कोपऱ्यावरच्या टपरीवरचं, मूळ म्हटलं की मूळ प्रत आणि खोड म्हटलं की वरिष्ठांची. झाडांच्या दोनच जाती मी मानत आलो. ज्यांच्याखाली स्कूटर लावता येते ती, आणि ज्यांच्यावर कावळे बसतात म्हणून लावता येत नाही ती.

असे हे मास्तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दारात उभे राहिले. "चला, राणीच्या बागेत जाऊन येऊ."

"मास्तर, आमचा मुलगा आता कॉलेजात आहे," मी म्हटलं.

"त्याला कोण नेतंय? तुम्ही चला."

सौ.ने आतूनच अनुमोदन दिलं. रविवारी सकाळी नवरा घराबाहेर जात असेल, तर तो राणीच्या बागेत जातोय की हिमालयात, याची चौकशी ती करत नाही.

भायखळ्याची ही बाग १८६२ साली सुरू झाली. त्या वेळी तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण अख्खी मुंबई तिला राणीची बागच म्हणते. पन्नासहून अधिक एकरांची जागा आणि देशोदेशींच्या शेकडो जातींची झाडं. खरं म्हणजे ही बाग मूळची झाडांची. प्राणी मागाहून आले आणि पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे दिवाणखाना बळकावून बसले. आता लोक येतात ते वाघ बघायला, पाणघोडा बघायला, आणि २०१७ पासून पेंग्विन बघायला. मुंबईत बारा महिने खऱ्याखुऱ्या थंडीत राहतात ते हे पेंग्विनच. बाकी आपली थंडी म्हणजे कपाटातून स्वेटर काढायचा, त्याचा डांबरगोळ्यांचा वास जायची वाट बघायची, आणि वास गेला की स्वेटर परत कपाटात.

थंडी अशी परत कपाटात जायच्या बेताला आली, की बागेत फुलांचा हंगाम सुरू होतो. पण तो बघायला मान वर करावी लागते, आणि आपली मान एकतर मोबाईलमध्ये असते किंवा साहेबांपुढे असते. दोन्हीकडे ती खालीच.

"वर बघा," मास्तर म्हणाले. मी पाहिलं. सरळसोट झाड, खोडावर सुळ्यांसारखे काटे, फांद्या आडव्या पसरलेल्या आणि साऱ्या झाडावर पान म्हणून नाही. पानांच्या जागी तळहाताएवढी लालभडक फुलं, पाच-पाच जाडजूड पाकळ्यांची. काटेसावर. फुलांत मध भरपूर, त्यामुळे कावळे, साळुंक्या, बुलबुल आणि दोन-चार खारी अशी सगळी मंडळी पंगतीला बसली होती. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. अगदी आपल्या लग्नातल्यासारखं. मधूनच एखादं फूल 'धप्' करून खाली पडे. फूल पडल्याचा आवाज येतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

आम्ही दोघं वर बघतोय म्हटल्यावर पाच मिनिटांत आमच्याभोवती पंधरा माणसं जमली. मुंबईत कुणी वर बघायला लागलं, की गर्दी आपोआप होते.

"काय आहे? माकड?" एका गृहस्थांनी विचारलं.

"बिबट्या सुटला म्हणतात," त्यांच्या मागचा म्हणाला. त्याबरोबर दोन बायकांनी मुलांना जवळ ओढलं.

"काटेसावर फुललीय," मास्तर आनंदाने म्हणाले.

पंधराच्या पंधरा माणसं वर बघायची थांबली. आपण फसवले गेलो असा चेहरा करून ती पेंग्विनच्या दिशेने निघून गेली. मागे राहिली एक आजी. तिने पडलेलं एक फूल उचललं, झटकलं, पदराला पुसलं आणि पिशवीत टाकलं. घरच्या देवाच्या वाट्याला ते गेलं असावं.

माझं व्यावसायिक मन मात्र त्या निष्पर्ण झाडावर अडलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, हे काही खरं नाही. झाडाचं अन्न पानं तयार करतात, एवढं तर मलाही शाळेत शिकवलंय. म्हणजे पानं हे उत्पन्नाचं साधन. इथे सगळे जमेचे काउंटर बंद करून याने एवढा खर्च मांडलाय! बँकेत असं खातं आलं, तर आम्ही त्याला कर्ज देणार नाही."

"कर्ज मागितलंय कुणी?" मास्तर म्हणाले. मग त्यांनी मला झाडाचा ताळेबंद समजावून दिला. पावसाळा संपला की जमिनीतलं पाणी आटत जातं. प्रत्येक पान म्हणजे एक गळका नळ. त्यातून पाण्याची वाफ सारखी चाललेली असते. म्हणून ही झाडं कोरड्या दिवसांत पानंच गाळून टाकतात. पोटापाण्याला खोडात आणि मुळांत साठवलेलं असतं. पानं गेली की फुलं उघडी पडतात आणि पाखरांना लांबून दिसतात. दुकानासमोरची गर्दी हटवली की पाटी दिसते, तसं. पाखरं परागकण इकडून तिकडे नेतात, एप्रिल-मेपर्यंत बोंडं पिकून फुटतात, उन्हाळी वाऱ्यावर कापूस उडतो आणि त्याच्याबरोबर बी. पळसाची चपटी शेंगही अशीच वाऱ्यावर जाते. बी जमिनीवर येऊन टेकतं, तोवर मृगाचा पाऊस दारात उभा.

मी थक्क झालो. ही दिवाळखोरी नव्हती. ही मुदत ठेव होती! पावसाळ्यात ठेवलेली, फेब्रुवारीत पिकलेली आणि पिकल्याबरोबर मोडून वाजतगाजत खर्च केलेली.

मग मला चटकच लागली. परतीच्या वाटेवरचा पांगाराही तसाच, पानं नाहीत आणि लाल तुरे. रस्त्याकडेचा गिरिपुष्पही तसाच, फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या नुसत्या काठ्या. या गिरिपुष्पाचं दुसरं नाव उंदीरमारी, कारण त्याची साल आणि बिया उंदरांना मारक. एकाच झाडाचं एक नाव कवीने ठेवलेलं आणि दुसरं घरमालकाने. डोंगर उतारांवर धायटीचं झुडूप याच दिवसांत लालबुंद नळकांड्यांनी भरून जातं. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं लागतात. आजवर मी ती बाटलीतून पीत होतो, तीही सौ.च्या देखरेखीखाली.

पण खरी गंमत बागेतल्या उर्वशीची. हे झाड पानं गाळत नाही. त्याची ऐट निराळी. थंडी सरताना त्याला झुंबरांसारखे लांब घोस उलटे लटकतात. तांबूस गुलाबी पाकळ्या आणि टोकाला पिवळा ठिपका. मूळ मुलूख ब्रह्मदेश. वॉलिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते १८२७ साली तिथल्या एका मठाच्या बागेत सापडलं आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नीच्या, लेडी ॲमहर्स्टच्या, नावावरून त्याने त्याचं नाव ठेवलं. मग विलायतेतल्या श्रीमंतांना ते झाड आपल्या काचघरात हवंसं झालं. डेव्हनशरच्या ड्यूकने तर ते आणण्यासाठी १८३५ साली आपला माळी थेट हिंदुस्थानात धाडला. माळ्याने झाड नेलं. पण झाडाला ड्यूक आणि कारकून यांतला फरक कळत नाही. विलायतेत उर्वशी पहिल्यांदा फुलली ती १८४९ साली, मिसेस लॉरेन्स नावाच्या बाईंच्या बागेत. त्यांनी ते पहिलं फूल व्हिक्टोरिया राणीला नजर केलं.

म्हणजे बघा, खुद्द राणीला एका घोसासाठी तेवढी वाट पाहावी लागली आणि तिच्या नावाच्या बागेत आपण तिकीट काढून झाडाखाली उभे राहू शकतो. राहत नाही, एवढंच.

मी शेजारच्या बाकावर बसलो. मास्तर पुढे कुठल्याशा वेलीची चौकशी करायला गेले होते. बसल्यावर आठवलं, की या बाकांबद्दल आमच्या घरात पूर्वी पुष्कळ बोलणं झालेलं आहे. आमचे अण्णा तीस वर्षं याच बागेच्या कुंपणावरून पायी कचेरीत गेले. सकाळी जाताना उशीर झालेला असायचा, संध्याकाळी येताना भाजी घ्यायची असायची. ते नेहमी म्हणत, "रिटायर झालो, की रोज सकाळी आत जाऊन बसणार. अगदी रोज. बुधवार सोडून." बुधवारी बाग बंद असते, हेही त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. मे महिन्यात ते रिटायर झाले. "पाऊस संपू दे, मग सुरू करू," म्हणाले. पाऊस संपला, पण तो बघायला ते नव्हते. नंतर कपाट आवरताना एक खोकं सापडलं. आत फिरायला जाण्यासाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट होते. कोरे करकरीत, नाड्यासुद्धा ओवलेल्या नव्हत्या. खोक्यात बिल जपून ठेवलेलं होतं.

माझ्या काउंटरवर असे अण्णा रोज येतात. ठेवीची मुदत भरलेली असते. "काका, काढायची का?" मी विचारतो. "नको, नको. करा परत एक वर्षासाठी." मग ते पासबुकावरून एकदा बोट फिरवतात, पावतीची घडी करून ती आतल्या खिशात घालतात आणि जिन्याचा कठडा धरून हळूहळू उतरतात. मी इतकी वर्षं त्यांना आनंदाने नूतनीकरण करून देत आलोय. बँकेचं त्यात हितच आहे. त्या रविवारनंतर मात्र फॉर्म पुढे करताना मी एखाद्याला म्हणून टाकतो, "काका, थोडे तरी काढा. राणीची बाग फुललीय." काका माझ्याकडे काळजीने बघतात. एकांनी साहेबांना जाऊन सांगितलं, की त्या तीन नंबरच्या काउंटरवरच्या मुलाला विश्रांतीची गरज आहे. चाळिशी उलटल्यावर मला कुणी मुलगा म्हटलं, याचाच मला आनंद झाला.

विश्रांतीची सूचना मी शिरोधार्य मानली. पुढच्या आठवड्यात पळस बघायला जायचं ठरवलं. सौ.ला विचारलं, तर ती चक्क म्हणाली, "मीही येते." मी एका दिवसाची किरकोळ रजा मागितली. फेब्रुवारीअखेरीला रजा म्हणजे साहेबांच्या मते फितुरीच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ऐन क्लोजिंगच्या तोंडावर रजा? घरात कुणाचं लग्न-बिग्न आहे काय?"

"घरात नाही साहेब," मी म्हटलं, "बोरिवलीच्या जंगलात. पण मांडव उतरायला आलाय."