सहीची प्रत

डोलवीहून एसटीने मुंबईकडे निघालं की पेणनंतर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. शाळेत असताना गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ वाचली, तेव्हापासून तो सुळका दिसला की आग्या मोहोळं आणि नाग्या ठाकर आठवतातच.

ती प्रत वाचनालयाची होती. पुठ्ठ्याची बांधणी, मुखपृष्ठ गायब, पानोपानी शिक्के. आपल्याकडे कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या कितीतरी प्रती वाचनालयांत गेल्या आणि लोकांनी त्या झिजेपर्यंत वाचल्या. हे चांगलंच झालं. पण त्यामुळे मूळ मुखपृष्ठासह पहिली आवृत्ती मिळणं कठीण, आणि तिच्यावर लेखकाची सही म्हणजे नशीबच.

नोकरी लागली आणि फोर्टातल्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची सवय जडली. पुस्तक हाती आलं की आधी प्रकाशनाचं पान बघायचं. ‘बनगरवाडी’ असेल तर मौज आणि १९५५. ‘कोसला’ असेल तर देशमुख आणि कंपनी, १९६३. पुढे ती पॉप्युलरकडे गेली.

‘जैत रे जैत’ची सहीची प्रत मला अशीच मिळाली. निळी शाई आता तपकिरी झालीय, समोरच्या पानावर सहीचा उलटा ठसा उमटलाय. वर कुणाचं तरी नाव, खाली ‘सप्रेम’. त्या घरातून ती रद्दीत कशी आली, याचं वाईट वाटतं.

दहाव्या आवृत्तीवरची सही मला तेवढी ओढ लावत नाही. ‘कोसला’ आली तेव्हा तिचे लेखक नेमाडे पंचविशीचे होते. ज्ञानपीठ मिळाला २०१४चा. पुस्तक टिकेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना केलेली सही मला मोलाची वाटते.

आमच्याकडची धरमतरच्या खाडीची हवा मात्र कागदाची वैरी. पावसाळ्यात बुरशी, एरवी कसर. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर ओल आतच कोंडते, म्हणून पुस्तकं उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवतो. पाऊस सरला की एकेक काढून सावलीत वारं देतो.

तुमच्याही घरी आजोबांचं कपाट असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पहिली चार पानं उघडून बघा. सही दिसली तर ते पुस्तक ठेवून घ्या, नाहीतर जपणाऱ्याच्या हाती द्या. आणि कृपा करून त्याला चिकटपट्टी लावू नका.