पंचाण्णव सालचे चित्रपट

आवडते चित्रपट कोणते, असे कुणालाही विचारा, तो बसल्या बैठकीला वीस नावे घेईल. पण एकाच वर्षातले सांगा म्हटले की जरा थांबतो. कारण मग चित्रपटाबरोबर त्या वर्षातल्या स्वतःचाही हिशेब द्यावा लागतो. माझ्यापुरते असे वर्ष १९९५. वय पंचवीस, एम. ए. होऊन खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात सहशिक्षक म्हणून नुकताच चिकटलेलो, लग्न व्हायचे होते आणि पगारातले चार पैसे खिशात उरत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की लाल बसने बेळगाव गाठायचे आणि एखाद्या थिएटरच्या रांगेत उभे राहायचे, हा माझा नेम.

आम्हा सीमाभागातल्या माणसांना एक सुख आहे, ते पुण्याच्या माणसाला सहसा लाभत नाही. एकाच भिंतीवर तीन भाषांतली पोस्टरे पाहत आम्ही वाढलो. भाषेवरून आमच्याकडे काय काय झाले, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पण तिकिटाच्या खिडकीवर कुणी कुणाला मातृभाषा विचारली नाही, हेही तितकेच खरे.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मुलगी घरी आली होती. तिने टीव्हीला काय जोडले ते देव जाणे. मी नावे सांगत गेलो आणि ती त्या वर्षातला एकेक चित्रपट काढून देत गेली. चार रात्री, चार चित्रपट.

पहिला अर्थातच 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. २० ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर तो प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मराठा मंदिरात २०१४च्या डिसेंबरात त्याने हजार आठवडे पुरे केले. तेव्हा आम्ही पोरे शाहरुख आणि काजोल यांच्यासाठी गेलो होतो. या खेपेला माझे डोळे अमरीश पुरीवरून हलेनात. लंडनमध्ये कबुतरांना दाणे टाकणारा, पंजाबच्या मातीसाठी झुरणारा तो बलदेव सिंग! वर्षानुवर्षे परदेशात राहूनही त्याने आपले गाव छातीशी धरून ठेवले आहे, आणि त्यापायी लेकीचे मन त्याला दिसत नाही. शेवटी तो तिचा हात सोडतो, तेव्हा मुलीने माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. मी पाण्याचा तांब्या आणायला उठलो.

दुसरा कन्नड, 'ओम'. उपेंद्र यांचे दिग्दर्शन, शिवराजकुमार नायक. आमच्या शाळेत कन्नड शिकवणारे एक सर होते. त्यांचा-माझा करार होता: एका शनिवारी ते माझ्याबरोबर मराठी चित्रपटाला येणार, पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर कन्नड. "चला सर, आज माझी पाळी," असे म्हणून त्यांनी मला 'ओम'ला नेले. पुरोहिताच्या घरातला शिकलेला मुलगा बेंगळुरूच्या गुंडगिरीत ओढला जातो आणि घराला पारखा होतो, ही त्याची गोष्ट. हाणामारी सोडून दिली, तरी पोर हातचे गेलेल्या बापाचा तो चित्रपट आहे, हे आज लख्ख दिसले. पाहून झाल्यावर त्या सरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन गावी असतात. हसत म्हणाले, "तुम्ही आत्ता बघताय होय सर? तो पुन्हा पुन्हा लागतोच की! मी नातवाला घेऊन जाऊन आलो." खरेच, 'ओम'इतक्या वेळा थिएटरात परत आलेला दुसरा कन्नड चित्रपट सांगणे कठीण.

तिसरा 'दोघी', सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. लग्नाच्या दिवशीच नवरामुलगा अपघातात जातो, गाव मुलीला अवलक्षणी ठरवते, बाप अंथरूण धरतो आणि घर चालवण्यासाठी गौरीला मामाबरोबर मुंबईला पाठवले जाते. तिथे ती कोणत्या बाजारात पोचते, हे आईला कळते आणि कळून न कळल्यासारखे करावे लागते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोघी बहिणी. आई उत्तरा बावकर. गौरी धाकटीच्या लग्नाला परत येते, तो भाग आम्ही तिघांनी एकही शब्द न बोलता पाहिला. तिच्या पैशावर घराची चूल पेटते, पण त्या घरात तिला बसायला पाट नाही. बायकोने एवढेच विचारले, "शाळा सोडून गेलेल्या मुली कुठे जातात, तुम्ही कधी विचारता का हो?" दाखल्यावर कारणाचा रकाना असतो आणि त्यात बहुधा 'घरगुती कारण' असते. आम्ही तिथे थांबतो. तिला मी काय सांगणार?

चौथा 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा चित्रपट बरोबर चाळीस वर्षांनंतरचा. हा मला थिएटरात मिळालाच नाही, दूरदर्शनवर पाहिला. 'दोघी'तला बाप सूर्यकांत आणि 'बनगरवाडी'तला कारभारी चंद्रकांत, कोल्हापूरचे हे मांढरे बंधू. एके काळी पडदा गाजवलेले हे दोघे भाऊ उतारवयात एकाच वर्षी दोन अशा चित्रपटांत यावेत, याचे मला फार अप्रूप वाटते. चंद्रकांत तर तेव्हा ऐंशीच्या पुढे होते.

औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. शाळा आहे, मुले नाहीत, ती मेंढरांमागे. मास्तर घरोघर फिरतो, कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, शाळा भरते. गावाच्या श्रमांतून तालीम उभी राहते. १९९५ साली माझ्यासारख्या नवशिक्या मास्तराला याहून काय हवे होते! शाळा भरते, तो प्रसंग मी कितीतरी दिवस मनात घोळवला होता.

पण चित्रपट तिथे संपत नाही. पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात. बिऱ्हाडे एकामागून एक वाडी सोडतात, आणि मास्तर रिकाम्या गावात उरतो. या वेळी मी पाहत राहिलो तो हा भाग. आमच्या आठवीच्या तेव्हा दोन तुकड्या भरत. आता एकच, तीही मागचे बाक रिकामे ठेवून. मे अखेरीस आम्ही शिक्षक गावोगाव फिरतो, पालकांपुढे हात जोडतो. आणि गंमत पाहा, बनगरवाडी दुष्काळाने उठली. आमच्या तालुक्यात श्रावणात छत्री उलटी करणारा पाऊस पडतो, भात तरारते, तरी घरांना कुलपे दिसतात.

चारी चित्रपटांत कुणी ना कुणी घर सोडून गेलेला आहे, आणि परत येणाऱ्यासाठी दार उघडे आहे की नाही, हाच प्रश्न आहे. एका वर्षातले, तीन भाषांतले चित्रपट असे एका दावणीला बांधले जातील, हे १९९५ साली कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

श्रावणातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर दहावीच्या मुलांना थांबवून घेतले आणि देणगीतून आलेल्या मोठ्या टीव्हीवर 'बनगरवाडी' लावला. पहिली दहा मिनिटे चुळबुळ झाली, मग मेंढरे आली आणि पोरे रमली. संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, पाऊस पडल्यावर ती माणसं परत आली का हो?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर मागून एक मुलगी म्हणाली, "येत असतील. आमचे बाबा येतात की गणपतीला, गोव्याहून."

मी सहज विचारले, कुणाकुणाचे वडील गोव्याला असतात? हात वर झाले. मी ते मोजले नाहीत. एका हाताला पोचणार नाहीत इतके होते, एवढे सांगतो.

नुकतेच आलेले आमचे एक तरुण शिक्षक मागे उभे राहून पाहत होते. वय पंचविशीचेच. मला म्हणाले, "सर, जंगलातल्या गवळीवाड्यांवर आठवीच्या वयाची मुलं आहेत म्हणतात. पावसाळा सरला की जाऊन येऊ या?" मी हो म्हटले. वाट चढाची आहे आणि माझे गुडघे आता कुरकुरतात. पण मास्तर वाडीवर निघाला असेल, तर बरोबर कुणीतरी कारभारी हवाच.