कुत्र्याच्या छत्र्या

पावसाळा लागला की आमच्या परसात कुजक्या ओंडक्यापाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. गेल्या वर्षी मोतीनं एक खाल्ली. उलट्या झाल्या, पण वाचला. डॉक्टर म्हणाले, "नशीब! काही विषारी छत्र्यांचा त्रास ६ ते २४ तासांनी दिसतो. तोवर विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. पुन्हा खाल्ली तर उलटीची वाट बघू नका. उरलेला तुकडा घेऊन लगेच या."

अम्मी मोतीला उंबऱ्याच्या आत घेत नाही. पण आता फजरची नमाज झाली की हाताला पिशवी गुंडाळून छत्र्या उपटते. जमिनीतलं बुरशीचं जाळं राहतंच, म्हणून रोज. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस लहानपणी मला तिनंच सांगितली होती.