लाकूड बोलते

मी चंद्रपूरचा. वडील काय करतात, असे पुण्यात कुणी विचारले की पहिली दोन वर्षे मी "कोळसा कंपनीत आहेत" एवढेच सांगून विषय बदलत असे. बाबा भूमिगत खाणीत छताला आधार देणाऱ्या टोळीत होते. पुढे त्यांनी स्वतःहून अर्ज करून वरचे, कमी पगाराचे काम मागून घेतले. "भ्याला," असे वस्तीत लोक म्हणत. खोटे कशाला सांगू, मलाही तेच वाटे.

गेल्या दिवाळीआधी बाबा पुण्यास आले, तेव्हा त्यांना मेट्रो दाखवायला नेले. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला. सरकते जिने, झगझगीत दिवे यांकडे बाबांचे लक्षच नव्हते. ते वर पाहत होते. "याले टेका कुठी आहे?" मी वाचलेले सांगितले : यंत्र पुढे भुयार कोरते आणि मागे काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून कडे बसवते, ते गोल कडेच भोवतालचा भार पेलते. बाबा हसले. "आमचा रस्ता गोल नव्हता."

मग मंडईत चहा घेताना मी प्रथमच त्यांचे काम ऐकले. खाणीत कोळशाचेच चौकोनी खांब शिल्लक ठेवून मधून रस्ते काढतात. रस्त्यावरचे छत मात्र अधांतरी. तो दगड थराथरांचा; खालचे थर सुटू पाहतात. म्हणून छतात भोक पाडायचे, सिमेंट घालून पोलादी सळई बसवायची, खालून पट्टी लावून नट आवळायचा. सुटी पाने शिवून वही बांधावी, तसे थर बांधले जातात. जोडीला लाकडी टेके. पोलादी टेका जास्त भार घेतो, पण जुन्या माणसांचा जीव लाकडावर. "लाकूड बोलते. मोडायच्या आधी करकरते. तेवढ्यात माणूस पळते."

शेवटी कोळशाचे खांबही काढतात. तेव्हा टेके काढत मागे सरायचे आणि मागचे छत पडू द्यायचे. सारी भिस्त कानावर. कामाआधी सळईने छत ठोकायचे : खणखणीत वाजले तर पक्के, भद्द वाजले तर सुटलेले.

"एक दिवस ठोकलं. मले खणखणीत वाटलं. संगतचा पोरगा म्हणे, काका, भद्द आहे. खरंच भद्द होतं." वर्षानुवर्षे ड्रिलच्या आवाजात बाबांचा उजवा कान गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. "माह्या कानाच्या भरोशावर आठ माणसं आत जात होती, बाबू."

लहानपणापासून बाबा मला नेहमी डाव्या हाताला चालायला लावत. मी ती त्यांची शिस्त समजत आलो होतो. परतताना प्लॅटफॉर्मवर मी आपणहून त्यांच्या डावीकडे उभा राहिलो.