चार तारा आणि एकवीस जुलै

पोस्टिंगवर निघताना काळ्या ट्रंकेत काय मावतं आणि काय नाही, हे फौजी माणसाला पहिल्या दोन बदल्यांतच कळतं. हार्मोनियम मावत नाही. गिटारही मावत नाही, आणि रेल्वेत ती बर्थखाली ठेवली तर कुणीतरी तिच्यावर सुटकेस सारतोच. युकुलेले मात्र मावतं. त्याचा सोप्रानो नावाचा लहान प्रकार टोकापासून टोकापर्यंत २१ इंच भरतो. वजन अर्धा किलोही नाही. जर्सीत गुंडाळलं की झालं.

जबलपूरला सिग्नलच्या ट्रेनिंग सेंटरवर येईपर्यंत हे वाद्य मी फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. आमच्या कंपनीत मिझोरामचा एक सिग्नलमन होता, त्याच्याकडे ते होतं. रोलकॉलनंतर बॅरकच्या मागच्या ओट्यावर बसून तो वाजवायचा. नायलॉनच्या चार तारा, जी-सी-ई-ए अशा लावलेल्या. गंमत म्हणजे वरची तार गिटारसारखी खर्जातली नसते, उंच सुराची असते. त्यामुळे दुःखाचं गाणंही त्यावर फार वेळ दुःखी राहत नाही.

मूळचं हे वाद्य आपल्यासारख्यांचंच. १८७९ साली पोर्तुगालच्या मदीरा बेटावरचे मजूर ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत कामाला गेले. त्यांच्या सामानात लहान तंतुवाद्यं होती, त्यातून तिथं युकुलेले घडलं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या घर सोडताना गाडीवर काय काय चढवतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. कमी जागेत मावेल तेच सोबत जातं.

आमच्यात हळूहळू पाच जण जमले. कुणीच शिकलेला नव्हता. पण सिग्नलवाल्यांना एक आयता फायदा होता. मोर्स शिकलेल्या माणसाच्या मनगटात लांब आणि आखूड यांचा हिशेब बसलेला असतो. हात खाली-वर कसा मारायचा हे मला ‘दा-डिट-डिट’ म्हणून सांगितल्यावर दहा मिनिटांत जमलं. डाव्या हाताला मात्र महिने लागले.

वाढदिवसाची प्रथा का पडली, तेही सांगतो. फौजेत स्वतःचा वाढदिवस लक्षात राहत नाही आणि घरच्यांचा फोनवर होतो. माझी मुलगी सात वर्षांची झाली तोवर तिचे दोनच वाढदिवस मी समोर बसून पाहिले होते. आमच्यातल्या प्रत्येकाचं थोडंफार असंच. मग ठरलं की ज्यांची गाणी ऐकत ड्यूटीच्या रात्री काढल्या, त्यांचे वाढदिवस तरी पाळायचे. नियम दोनच. तारीख पुढं ढकलायची नाही, आणि येईल तेवढंच वाजवायचं पण वाजवायचं. केक नाही. वर्गणी काढून कमानिया गेटजवळून खोव्याची जलेबी आणायची.

कॅलेंडर करायला बसलो तर सगळी गर्दी पावसाळ्यातच निघाली. २५ जून मदन मोहन, २७ जून राहुल देव बर्मन, २१ जुलै आनंद बक्षी, २२ जुलै मुकेश, २५ जुलै सुधीर फडके, ४ ऑगस्ट किशोरकुमार, २८ सप्टेंबर लताबाई. किशोरकुमार तर खांडव्याचे. सुट्टीवर घरी जाताना आमची गाडी इटारसीहून खांडव्यावरूनच भुसावळला उतरते. इकडचा पाऊस लाकडात ओल धरतो, दर दोन गाण्यांनी सूर लावावा लागतो. पण तारखा काही हवामान बघून आलेल्या नाहीत.

या यादीतल्या तिघांची ओळख वेगळी करून द्यावीशी वाटते. मदन मोहन १९४३ साली सेकंड लेफ्टनंट होते. युद्ध संपल्यावर वर्दी उतरवून ते संगीताकडे आले. आपले बाबूजी, सुधीर फडके, १९५४ साली दादरा-नगर हवेली मुक्त करायला निघालेल्या तुकडीत होते. ‘गीतरामायण’ त्यानंतरच्या वर्षी आलं. आणि आनंद बक्षी. १९३० साली रावळपिंडीत जन्म, कोवळ्या वयात नौदलात भरती, १९४६ च्या नाविकांच्या उठावानंतर ती नोकरी गेली. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस इथं जबलपुरातही सिग्नलच्या जवानांनी संप केला होता. फाळणीनंतर बक्षी पुन्हा फौजेत आले, ते आमच्या सिग्नल कोअरमध्ये. फौजेत असतानाच कविता करायचे, जवानांत बसून गायचे. १९५८ साली पहिला सिनेमा मिळाला, नाव झालं ते १९६५ च्या ‘जब जब फूल खिले’नंतर. म्हणजे सिग्नलचा हा जवान सात वर्षं मुंबईत थांबून राहिला होता.

म्हणून २१ जुलै आमच्या लेखी मोठी तारीख. गेल्या वर्षीच्या त्या तारखेबद्दल मला लिहायचं आहे.

मे महिन्यात सेंटरवर एक नायक आला. सांगोल्याकडचा. ग्लेशियरवर बर्फानं त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका अर्ध्यावर गेली होती. मेडिकल कॅटेगरी खाली आली, स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं. पेपर टाकून घरी जायचं त्याच्या मनात चाललं होतं. गावात तो भजनात हार्मोनियम वाजवायचा हे मला त्याच्या गाववाल्याकडून कळलं. तो स्वतः त्याबद्दल बोलत नसे. डावा हात बहुतेक वेळा खिशात असे.

संध्याकाळी तो ओट्याच्या कडेला येऊन बसायचा. एक दिवस मी वाद्य पुढं केलं.

“साहेब, दोनच बोटं चालतात,” तो म्हणाला.

मिझो पोरगा म्हणाला, “दो ही लगती हैं, उस्ताद.”

यात दिलासा देण्याचा भाग नव्हता, हिशेब होता. युकुलेलेवर सी कॉर्डला एक बोट लागतं. ए मायनरला एक. सी सेव्हनला एक. एफला दोन. एफ पट्टीतलं गाणं धरलं तर अर्ध्याहून जास्त काम तर्जनी आणि मधल्या बोटात भागतं. अडतं ते बी फ्लॅटपाशी. तिथं एक बोट आडवं दाबून आणखी दोन लावावी लागतात.

दोन महिने तो रोज आला. मधल्या बोटाला घट्टा पडला. जून संपता संपता डावा हात खिशाबाहेर दिसू लागला. पण बी फ्लॅट काही येईना. मोकळी तार सोडून बघितली, दुसरा कॉर्ड घालून बघितला. कानाला खटकायचंच, आणि भजनात बसलेल्या माणसाचा कान फसत नाही. १९ जुलैला तो म्हणाला, “मी नुसता ऐकतो साहेब, तुम्ही वाजवा.” मी म्हणालो, “तारीख लागली आहे. जिथं बी फ्लॅट येतो तिथं तू हात उचल. तो आम्ही मारू.”

एकवीसला पाऊस होता, म्हणून ओट्याऐवजी मनोरंजन कक्षात बसलो. ऐकायला वीसेक रंगरूट आले होते. बक्षींचं १९६७ च्या ‘मिलन’मधलं गाणं निवडलं होतं. नायक मध्यभागी. गाणं त्यानंच म्हटलं. प्रत्येक कडव्यात ती जागा आली की तो हात उचलायचा आणि उरलेले चौघं तो कॉर्ड टाकायचे, पुढच्या मात्रेला तो परत यायचा. पहिल्या वेळी आम्हीच उशिरा पडलो. तिसऱ्या कडव्यापर्यंत रंगरुटांना कळलंही नसेल की मध्ये काही बदलतंय. गाणं संपल्यावर त्यानं वाद्य लगेच खाली ठेवलं नाही. सी सेव्हनवरचं बोट तसंच ठेवून बसला होता. मग म्हणाला, “उद्या मुकेश आहेत ना?”

आम्ही काही कलाकार नाही. आमच्यातलं कुणी मूळ गाण्याच्या जवळपासही जात नाही, आणि ते आम्हाला माहीत आहे. पण तयारी झाली की वाजवू असं म्हटलं असतं, तर तो नायक अजून कडेलाच बसलेला असता. तारखेमुळे तो मध्ये आला. बाकीचं काम कुणीतरी वाटून घ्यायचं असतं, ते फौजेत शिकवावं लागत नाही.

आता ती टोळी पांगली आहे. मिझो पोरगा राजस्थानात आहे, दोघं पूर्वेकडं, माझी पेन्शन जवळ आली आहे. नायकाच्या पुढच्या मेडिकल बोर्डात कॅटेगरी तीच राहिली. घरी जायचं की थांबायचं हे त्याचं अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवणं युकुलेलेचं कामही नव्हे. पण तारखा सुटलेल्या नाहीत. २५ जूनला त्याचं रेकॉर्डिंग आलं, मदन मोहन साहेबांचं गाणं. बी फ्लॅटच्या जागा त्यानं रिकाम्या ठेवल्या होत्या. मी इथं बसून त्या भरल्या आणि पुढं राजस्थानला पाठवलं.

तुमच्यापैकी कुणी पेन्शनर घरी बसून असेल आणि माळ्यावर एखादं वाद्य पडलेलं असेल, तर २५ जुलैला बाबूजींचा वाढदिवस आहे. धूळ पुसायला तेवढे दिवस पुरतील.

जय हिंद.